खोकल्याची तारीख

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

शाळेनं निरोप समारंभात शाल, पेन आणि ही जाड वही दिली होती. शाल नीलमनं पळवली, पेन सुखदेवांच्या खिशात गेलं, वही मात्र वर्षभर कपाटात पडून होती. आज काढली. कुणाशी तरी स्पष्ट बोलायचं आहे, आणि आमच्या घरात स्पष्ट बोललं की लगेच कुणीतरी पाण्याचा ग्लास आणून देतं.

तर स्पष्ट. स्तनातला कॅन्सर यकृतात पोचला होता, तो तिथं वाढतोय. तिसऱ्या केमोनंही त्याचं काही बिघडलं नाही. डॉ. अरोडांनी हे माझ्याकडे सरळ बघून सांगितलं, त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी मार्क. म्हणाल्या, दोन रस्ते आहेत. एक, आणखी एक जुनी केमो, तिच्याकडून फार अपेक्षा नको. दुसरा, क्लिनिकल ट्रायल. औषध नवीन आहे, थोड्या लोकांवर आधी तपासलेलं आहे, आता जुन्या केमोशी त्याची तुलना चालली आहे. "फ़ायदा होगा ही, ये वादा मैं नहीं कर सकती," असंही म्हणाल्या.

इथवर येण्याचं कारण मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी गाठ हाताला लागली तेव्हा दहावीच्या प्री-बोर्ड होत्या, मग बोर्ड, मग पेपर तपासणी. सहा महिने मी ते अंगावर काढलं. परवा हे नीलमला सांगत होते तर ती विचारते, "अंगावर काढलं म्हणजे? टॅटू?" पहाडगंजच्या मराठी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंची ही मुलगी. आम्ही दोघी खूप हसलो. मग मी तिला अर्थ सांगितला आणि ती हसायची थांबली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

संमतीपत्र एकतीस पानांचं आहे. हिंदीत मिळतं आणि इंग्रजीत, मराठीत नाही. मी हिंदी घेतलं, सुखदेवांनी इंग्रजी. (नवऱ्याला नावानं लिहितेय, वही माझी आहे. तोंडावर 'अहो'च.) छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या फायली वाचलेला माणूस, इंग्रजी कागद दिसला की त्यांचा चष्मा आपोआप नाकावर खाली येतो. शेवटच्या पानावर आहे, 'मुझे इसमें कोई आपत्ति नहीं है.' ते म्हणाले, "आपत्ती नाही म्हणे. मग ही काय सहल आहे?" हिंदीतली आपत्ति म्हणजे हरकत, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. मला हसवायचं होतं. हसले.

नीलमचा गुरुग्रामहून फोन. "आई, यार, तू गिनी पिग होणार का?"

मी तिला सातवीतल्या दोन कुंड्या सांगितल्या. एकीला नवं खत, दुसरीला जुनं, ऊन-पाणी दोघींना सारखं. दुसरी कुंडी नसेल तर नव्या खतानं काय केलं हे कळणारच नाही.

"आणि तू कुठल्या कुंडीत?"

"ते कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टर नाही, मी नाही."

"आई, तू कुंडी नाहीयेस."

कुकरची शिट्टी झाली असं सांगून फोन ठेवला. गॅसवर कुकर नव्हता.

पान सतरा पेन्सिलीनं अधोरेखित केलं आहे. फुफ्फुसाला सूज येऊ शकते, शंभरातल्या काही जणांना. कोरडा खोकला, दम लागणं. दिसताक्षणी कळवा. औषध थांबवावं लागेल, गरज पडली तर कायमचं. काहींच्या जिवावर बेतलेलं आहे. सुखदेवांनी विचारलं, एवढंच का अधोरेखित केलंस. म्हटलं, परीक्षेत येईल.

२० ऑगस्ट, बुधवार

आज सही झाली. सहीच्या आधी कॅमेऱ्यासमोर बसवलं, तसा नियम आहे म्हणे. ट्रायलचं कामकाज बघणारी चेतना नावाची मुलगी आहे, रोहतकची, तिशीतली, केस घट्ट बांधलेले, पेन कानामागे. तिनं एकेक मुद्दा विचारला आणि माझ्या शब्दांत सांगायला लावला. औषध कोणतं मिळेल हे कोण ठरवणार? मधेच सोडायचं असेल तर? "कभी भी, बिना कारण बताए, और इलाज पर असर नहीं पड़ेगा," मी म्हटलं. चेतना खूश झाली. "मैम, आप तो टॉपर हैं."

साठाव्या वर्षी सुद्धा हे ऐकून बरं वाटतं, याची लाज वाटली नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

तपासण्या पार पडल्या आणि कॉम्प्युटरनं मला नवीन औषध दिलं. चेतनानं सांगितलं तेव्हा मी फक्त "अच्छा" म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. निवड झाली म्हणजे बरी झाले असं नाही, हे मीच आठवडाभर घरात सगळ्यांना समजावत होते.

बाहेरच्या बाकावर आणखी एक बाई होती, तिलाही हेच औषध मिळालं. कमलेश नाव, पानिपतची, पन्नाशीची. सून बरोबर होती. घरी हातमागावर खेस, म्हणजे जाड चादरी, विणतात. पानिपत ऐकून सुखदेव माझ्याकडे बघून गालात हसले. आमच्या भाषेत एखाद्याचं पानिपत होणं म्हणजे काय, हे त्या बिचारीला कसं सांगणार. मी त्यांना कोपरानं ढोसलं. कमलेशला फार लिहिता येत नाही. मी शिक्षिका होते हे कळल्यावर ती सरकून माझ्या बाजूला आली आणि नंबर मागितला.

१० सप्टेंबर, बुधवार

पहिला डोस. दीड तास सलाइन. काहीच झालं नाही, भूक लागली.

घरी न्यायला ट्रायलचं कार्ड दिलं आहे, दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर दाखवायचं, आणि निळ्या पुठ्ठ्याची पुस्तिका, 'रोगी डायरी'. रोज काय होतंय ते लिहायचं. चेतना म्हणाली, "मैम, छोटी से छोटी बात. आपको जो बेकार लगे, वो भी." चुकलं तर खोडायचं नाही, एक आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख. हे मला फार आवडलं. मुलांना हेच सांगून सांगून घसा बसला होता माझा.

२ ऑक्टोबर, गुरुवार

काल दुसरा डोस. उलट्या तीन, तोंडाला चव नाही, डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं. सगळं निळ्या पुस्तिकेत वेळेसकट आहे. चेतनानं माझी पुस्तिका दुसऱ्या पेशंटांना दाखवली म्हणे, अशी लिहा म्हणून.

आज विजयादशमी, विहारात गेलो. नागपूर सोडून एवढी वर्षं झाली तरी या दिवशी दीक्षाभूमीची आठवण येतेच. पांढऱ्या साडीत उभी राहून पंचशील म्हटलं. थकवा आला, पण मन स्वच्छ होतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

यकृतातल्या गाठी आकसल्या. एकतृतीयांशाहून जास्त. डॉ. अरोडांनी आकडा दोनदा सांगितला. सुखदेव उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ पार्किंग बघत उभे राहिले.

मला जगायचं आहे. हे मी आजवर लिहिलं नव्हतं, कारण मिळणार नसेल ते मागायची सवय नाही. आज लिहिते. मला जगायचं आहे आणि हे औषध मला हवं आहे.

कमलेशच्या गाठीही कमी झाल्या. तिनं माझ्यासाठी निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा खेस आणला होता. आम्ही दोघी तिसरा डोस घेत शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलो आणि तिनं मला सगळ्या नातवंडांचे फोटो दाखवले. बाहेर दिवाळीचा धूर अजून बसला नव्हता. समोरची इमारत दिसत नव्हती. आम्हाला काय त्याचं.

पुढचा स्कॅन डिसेंबरच्या शेवटी.

२९ ऑक्टोबर, बुधवार

थोडा खोकला आहे. कोरडा. हवेचा आकडा आज चारशेवर आहे. खालचे गुप्ताजी खोकतात, दूधवाला खोकतो, टीव्हीवर बातम्या देणारी खोकली. गाझियाबादमध्ये या दिवसांत जो खोकत नाही त्याचीच तपासणी करायला हवी.

निळ्या पुस्तिकेत आजची जागा रिकामी ठेवली आहे. उद्या कमी झाला तर लिहायची गरजच नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

सुखदेवांनी बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणलंय. म्हणतात, स्वतःसाठी, बीपीवाल्यांनी ठेवावं. स्वतःचं मोजलं, अठ्ठ्याण्णव. मग म्हणे, "बघ बरं, मशीन ठीक आहे का, तू लाव." माझं शहाण्णव. म्हणजे मशीन ठीक आहे.

त्यांनी सकाळचं फिरणं बंद केलंय, धुरामुळे. दिवसभर माझ्या मागे मागे असतात. वैताग आहे.

खोकला तसाच. हळद-दूध, ज्येष्ठमध.

९ नोव्हेंबर, रविवार

हे लिहायलाच हवं, नाहीतर ही वही ठेवण्यात अर्थ नाही.

पान सतरा मला पाठ आहे. खोकला लिहिला तर ते छातीचा स्कॅन करतील. स्कॅनमध्ये काही दिसलं तर औषध थांबेल. काही दिसलं नाही तरी एखादा डोस हुकेल. आणि हा खोकला शंभर टक्के धुराचा आहे. शंभर नाही, नव्वद.

आज निळी पुस्तिका घेऊन बसले आणि मागचे बारा दिवस एका बैठकीत भरले. थकवा, थोडा. भूक, ठीक. खोकला, नाही. खोकला, नाही. खोकला, नाही.

आठवीच्या मुलांना महिनाभर रोज तापमान नोंदवायला सांगायचे. निम्मी मुलं आदल्या संध्याकाळी बसून तीस दिवस भरायची. मी तीस वह्यांतून ती पंधरा बरोबर काढायचे, कारण तिसाव्या दिवशीही अक्षर तेच, शाई तीच, पेनाचा दाब तोच. म्हणून आज मी दोन पेनं वापरली. मधले दोन दिवस सुखदेवांच्या पेनानं.

लिहून झाल्यावर हात धुतले. का ते माहीत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चौथा डोस झाला. कसा झाला ते लिहिते.

आत जाताना ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली धरली होती. डॉ. अरोडांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, लांब श्वास घ्यायला सांगितलं. मी अर्धाच घेतला आणि पुरा घेतल्यासारखा सोडला. ऑक्सिजन शहाण्णव. "खाँसी? साँस?" "नहीं." चेतनानं पुस्तिका चाळली, "परफ़ेक्ट, मैम," म्हणाली आणि कानामागचं पेन काढून सही केली.

इथवर माझा प्रश्न माझ्यापुरता होता. बाहेर आले तर कमलेश बाकावर, पुस्तिका मांडीवर उघडी. तिची नोंद सून लिहिते, पण अडलं की मला विचारतात. म्हणाली, "मैडम, मन्ने पाँच-छह दिन से सूखी खाँसी सै. लिखवा दूँ?"

मी आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. सून चहा आणायला गेली होती.

म्हटलं, "खाँसी तो आजकल सबको है. धुएँ की है. हर बात लिखोगी तो निकाल देंगे."

"पक्का?"

"पक्का."

तिनं मान हलवली. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं, मग संपलं. पुस्तिका बंद करून पिशवीत घातली, आणि मला घरचे लाडू दिले, मेथीचे.

मी तिला असं का सांगितलं? ती बोलली असती तर मलाही विचारलं असतं, म्हणून. हे मी मेट्रोत वैशाली स्टेशन येईपर्यंत स्वतःला वेगवेगळ्या पद्धतीनं सांगून बघितलं. दुसरं कारण सापडलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लिफ्ट बंद. आम्ही चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर मिसेस त्यागींनी जिन्यात मनीप्लांट फार छान वाढवलाय, हे इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं. चढताना थांबून बघत असते. तिसऱ्या मजल्यावरही काहीतरी लावायला हवं कुणीतरी.

ऑक्सिजन चौऱ्याण्णव. बोटं गार असली की आकडा कमी येतो.

३० नोव्हेंबर, रविवार

रोज सकाळी सातला कमलेशचा गुलाबाचा फोटो येतो, वर 'सुप्रभात'. गेले तीन दिवस नाही. बरं झालं, फोनची जागा वाचली.

नीलम आली होती. जेवताना तीनदा उठून पाणी आणलं तिनं, ग्लास माझ्याच पुढे. मी वाक्य पुरं करेपर्यंत दोघं बापलेक माझ्या तोंडाकडे बघत बसतात. भाजी चांगली झाली होती, त्याबद्दल कुणी बोललं नाही.

बुधवारी पाचवा डोस. एवढा एक होऊ दे, मग सांगते. असं मागच्या वेळी पण ठरवलं होतं.

३ डिसेंबर, बुधवार

सगळं क्रमानं लिहिते.

नऊला पोचलो. कमलेश बाकावर नव्हती. तिचा माझा दिवस एकच असतो. दहापर्यंत वाट बघितली. चेतनाला विचारलं तर म्हणाली, "दूसरे पेशेंट का मैं नहीं बता सकती, मैम." पण तीसुद्धा दोनदा दारापर्यंत जाऊन आली.

नर्सनं माझ्या हाताला सुई लावून ठेवली. डोसला अजून वेळ होता. मी सुखदेवांकडून फोन मागून घेतला आणि कमलेशला लावला. सुनेनं उचलला. मम्मीजी छह दिन से भर्ती हैं. घराजवळच्याच दवाखान्यात. निमोनिया सांगितलाय. इंजेक्शनं चालू आहेत, फरक नाही. ऑक्सिजनवर ठेवलंय.

"ट्रायल वाला कार्ड दिखाया डॉक्टर को?"

"मम्मीजी ने मना किया. बोलीं, दिल्ली में किसी को नहीं बताना."

सुई लावलेला हात मी उचलला आणि तसाच धरून उभी राहिले. पान सतरा डोळ्यांसमोर होतं. हा निमोनिया नसेल, औषधानं आलेली सूज असेल, तर ती इंजेक्शनं काही करणार नाहीत. स्टेरॉइड लागतील आणि लगेच लागतील. हे पानिपतच्या डॉक्टरला कोण सांगणार? त्याला तर ती ट्रायलमध्ये आहे हेही माहीत नाही.

मी चेतनाकडे गेले. तेव्हाही मनात होतं, तेवढंच सांगू. कमलेश भरती आहे, बस. सांगितलं. चेतना उठली, फाइल ओढली, पानं उलटली. "डायरी में तो कुछ नहीं है. बुख़ार पहले आया या खाँसी? मैम, डॉक्टर सबसे पहले यही पूछेंगे. सूखी खाँसी कब से थी, ये किसको पता होगा?"

मला पता होतं. सुनेला नव्हतं, ती चहा आणायला गेली होती.

"बारह नवंबर से पाँच-छह दिन पहले," मी म्हटलं. "उसने मुझसे पूछा था, लिखूँ क्या. मैंने कहा, मत लिखो."

चेतनानं फाइल मिटली. "क्यों, मैम?"

अंगावर काढणं याला हिंदीत शब्द नाही. शोधला, खरंच शोधला, त्या एका क्षणात. झेलना नाही, सहना नाही, छुपाना अर्धंच. मग सरळ सांगितलं. "क्योंकि मैं भी नहीं लिख रही थी. मुझे भी खाँसी है. उनतीस अक्टूबर से."

"सत्ताईस," मागून सुखदेव म्हणाले. "सत्ताईस अक्टूबर. सोमवार."

मी वळून बघितलं. त्यांनी पाकिटातून घडी केलेला कागद काढला आणि चेतनापुढे ठेवला. त्यावर रोजचे आकडे होते, शहाण्णव, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव, काल ब्याण्णव. अक्षर फायलींवर असायचं तसं, बारीक आणि सरळ. मला राग आला. आज, तिथं, त्या माणसाचा राग आला.

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," ते म्हणाले. "मग मला ते खरं धरावं लागलं असतं."

चेतना तोवर फोनवर होती, एकावर डॉ. अरोडा, दुसऱ्यावर पानिपत. फोनवर हात ठेवून तिनं नर्सला सांगितलं, मैम की दवा मत चढ़ाना. नर्सनं येऊन सुई काढली आणि कापूस दाबून धरायला सांगितला.

मला व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं. चौथ्या मिनिटाला अठ्ठ्याऐंशी. मग छातीचा स्कॅन.

४ डिसेंबर, गुरुवार

दोन्ही फुफ्फुसांत खालच्या बाजूला पांढुरके डाग आहेत, काचेवर वाफ धरावी तसे. औषधाचेच. औषध कायमचं बंद.

डॉ. अरोडा रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. मीच विचारलं, ऑक्टोबरमध्ये सांगितलं असतं तर? त्या म्हणाल्या, "तब शायद शुरुआत होती. कुछ हफ़्ते रोकते, साफ़ हो जाता, तो दोबारा देने की गुंजाइश थी. शायद."

मी औषध जाऊ नये म्हणून खोटं लिहिलं आणि खोटं लिहिलं म्हणून औषध गेलं. इतकं सोपं गणित आठवीच्या पोरानं सोडवलं असतं.

निळी पुस्तिका दुरुस्त करायला बसवलं. प्रत्येक 'नाही'वर एक आडवी रेघ, बाजूला सही, तारीख. सदतीस सह्या. शेवटी एक रकाना होता, 'नोंद न करण्याचं कारण'. मी लिहिलं, भीती. चेतनानं वाचलं. ही दुरुस्ती औषध कंपनीकडे जाईल, ट्रायलवर देखरेख ठेवणाऱ्या समितीकडे जाईल, आणि हेच औषध घेणाऱ्या बाकी सगळ्यांना विचारलं जाईल, असं म्हणाली. किती जण आहेत, मी विचारलं. तीनशेच्या वर.

कमलेशला काल संध्याकाळीच अँब्युलन्सनं इथं आणलं. अतिदक्षता विभागात आहे. मला आत सोडत नाहीत.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. विहारात गेलो. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बसला. बाकीच्यांना वाटलं खोकला. नीलमला वाटलं नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या वाटचं तिनं म्हटलं, उच्चार सगळे चुकवत.

स्टेरॉइडनं खोकला निम्मा झाला, तोंड सुजलंय, भूक राक्षसासारखी. जानेवारीपासून जुनी केमो, जिच्याकडून फार अपेक्षा नको.

११ डिसेंबर, गुरुवार

कमलेशला कालपासून साध्या वॉर्डात आणलंय. ऑक्सिजन आहे, पण नाकात बारीक नळी, मास्क गेला. डॉक्टर म्हणतात, थोड्यात वाचली, आणखी दोन दिवस तिथं राहिली असती तर सांगता आलं नसतं.

मी माफी मागायला गेले होते. रस्ताभर हिंदीतली वाक्यं जुळवली होती. मला बघून ती हसली, उशाशी जागा करून दिली, आणि मी तोंड उघडायच्या आत सुनेला औषधं आणायच्या बहाण्यानं बाहेर पाठवलं. मग माझा हात धरून जवळ ओढलं. आवाज नीट फुटत नव्हता.

"मैडम, मन्ने आपका नाम किसी तै नहीं लिया. पानीपत वाले डॉक्टर ने भी घणा पूछा. मैं बोली ही नहीं. कार्ड संदूक में धर दिया था. दिल्ली फ़ोन जाता तो पूछते, किसने मना किया." दम खाऊन म्हणाली, "आपकी दवा तो चाल री सै ना?"

हो म्हणावंसं वाटलं. तिच्यासाठी, खरंच तिच्यासाठी. तोंडात आलं होतं.

"बंद हो गई," मी म्हटलं. "तीन तारीख़ को मैंने ख़ुद बता दिया. सब. तुम्हारा भी."

तिनं मान उशीवर टेकवली. नळीतून हवेचा बारीक आवाज येत होता.

"तो फेर मैं छह दिन किस ख़ातर चुप रही, मैडम?"

सून परत येईपर्यंत मी तिथंच बसून होते. कमलेशनं हात सोडवून घेतला नाही, आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.